बाळंतिणीचं पथ्य

धोंडूबाईच्या हाताला गुण आहे, हे आवळेपाड्यात कुणाला सांगावं लागत नसे. किन्हवलीपासून आत, पस्तीस घरांचं गाव. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्यातलं एकही मूल तिची गुटी चाटल्याशिवाय मोठं झालं नव्हतं. पोर रडायला लागलं, गुडघे पोटाशी घ्यायला लागलं, की बाया उठून तिच्या पडवीत येत. ती पोराचं पोट बोटांनी वाजवून बघायची, बेंबीभोवती हात फिरवायची आणि सांगायची, "वात धरलाय." मग सहाणेवर मुरडशेंगीचे दोन वेढे, हिरड्याचा एक, वेखंडाचा अर्धा. वर बेंबीला हिंगाचं पाणी. पोर तासाभरात निजायचं. नाही निजलं तर दोन-तीन महिन्यांनी अंगात जोर धरल्यावर आपोआप रडायचं थांबायचं. त्याचंही श्रेय धोंडूबाईलाच मिळायचं.

तिचा स्वतःचा नातू मात्र दीड महिन्याचा झाला तरी रडत होता.

स्वरूप दिवसा कुरकुर करायचा, पण खरं रडणं सुरू व्हायचं ते दिवेलागणीला. गुरं गोठ्यात आली, शेणाचा नि धुराचा वास एकत्र झाला, की त्याचे ओठ थरथरायचे. मग तोंड लालबुंद, मुठी आवळलेल्या, पोट ढोलकीसारखं ताठ. नेहा त्याला छातीशी धरायची. तो चार घोट घ्यायचा, तोंड बाजूला करायचा, किंचाळायचा, परत तोंड शोधायचा. हे दोन-अडीच तास चालायचं. धोंडूबाई एरंडाचं पान तव्यावर गरम करून त्याच्या पोटावर धरायची आणि पडवीतून कोण जातंय तिकडे एक डोळा ठेवायची. गावातल्या प्रत्येक पोराचं रडणं तिनं थांबवलं होतं आणि आता हे रडणं विहिरीपर्यंत ऐकू जात होतं.

"मोबाईलमध्ये बघितलं मी," एकदा तिचा मुलगा आदेश म्हणाला. तो भिवंडीकडच्या एका गोदामात माल मोजायला होता, आठाच्या जीपने घरी यायचा. "कॉलिक म्हंतात त्याला. तीन महिन्यांनी जातं आपोआप."

"तुझा मोबाईल बाळंत झालाय काय कधी?" धोंडूबाई म्हणाली.

आदेश हसला आणि हातपाय धुवायला गेला. तो तसा वाईट नवरा नव्हता. घरात कुणी काही ठरवलं की ते बरोबरच असेल असं धरून चालणारा होता, एवढंच.

धोंडूबाईचं निदान पक्कं होतं. पोर अंगावर पिणारं. ते दुसरं काही खात नाही. मग त्याच्या पोटात वात आला कुठून? आईच्या दुधातून. आणि दुधात आला कुठून? आईच्या ताटातून. हे तिला तिच्या आत्येनं शिकवलं होतं आणि ती गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला तेच सांगत आली होती. त्यामुळे नेहाच्या ताटातून एकेक वस्तू उठत गेली. आधी वाल गेला, तो तर वातूळच. मग हरभरा, वाटाणा, बटाटा. मग तुरीची डाळ. कोबी, वांगं, भोपळा. पोर रडायचं थांबेना तशी भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. पाणी जास्त प्यालं की दूध पातळ होतं म्हणून पाणीही मोजून, सकाळी एक तांब्या कोमट, संध्याकाळी एक. शेवटी ताटात उरली मऊ भाताची एक मूद, लसूण-मिऱ्याचं तिखट आणि वर तुपाची धार. दीड महिन्यात नेहाच्या हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

नेहाची आई ती सातवीत असताना गेली. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. पोटभर खा गो, असं हक्कानं म्हणणारं तिला कुणी नव्हतं. पण तिचं खरं दुखणं भूक नव्हतं. तिचं दुखणं हे होतं की तिला सासूचं म्हणणं पटलं होतं. स्वरूप दूध पिता पिता किंचाळायचा तेव्हा तिला वाटायचं, आपण याला काहीतरी वाईट पाजतोय.

"आई, माझं दूधच वाईट हाय काय हो?" तिनं एकदा विचारलं.

"दूध वाईट नसतं. खाणं वाईट असतं," धोंडूबाई म्हणाली. तिनं हे धीर देण्यासाठीच म्हटलं होतं. त्या दुपारी नेहानं ताटातला अर्धा भात तसाच ठेवला.

मंगळवारी पोरांची वजनं घेणारी आशाताई दिपिका आली. ती पलीकडच्या पाड्यातली, बारावी झालेली, बोलायला फटकळ. तिनं झोळीच्या काट्यात स्वरूपला ठेवला आणि काटा डोळ्यांसमोर धरला. तो रडला तसा काटा हलला, मग थांबला.

"तीन किलो चारशे. मागच्या वेळेला तीन-तीनशे होतं. पंधरा दिवसांत शंभर ग्रॅम, काकी."

"वात हाय त्याला. वाताचं पोर अंग धरत नाय."

"गुटी देताय ना तुमी? सहा महिने आईच्या दुधाशिवाय काय द्यायचं नसतं. किती वेळा सांगितलं."

"तू माझीच गुटी चाटून वाढलीस गो," धोंडूबाई म्हणाली.

दिपिकानं वहीत आकडा लिहिला आणि नेहाकडे बघून म्हणाली, "पंधरा दिवसांनी येते. तवा वजन वाढलं नसंल तर शहापूरला न्यायचं, सरकारी दवाखान्यात भरती करायचं. मी गाडी बोलवीन." भरती म्हणजे साऱ्या गावाला कळणार. धोंडूबाईचा नातू, आणि त्याला दवाखान्याची सलाईन.

शेतात वाल तयार झाला होता. वालाची उपटणी पहाटेच्या दहिवरातच करावी लागते. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. घरात माणसं कमी. म्हणून सव्वा महिना उलटल्यावर नेहाही सकाळी दोन-तीन तास शेतावर जाऊ लागली. त्या वेळात धोंडूबाई पोराला तेल लावायची, न्हाऊ घालायची, धुरी द्यायची.

बुधवारी नेहा सासऱ्यांबरोबर खाचरात होती. धर्मा हा कमी बोलणारा माणूस. साठीला आलेला, पण वाकून सुरुवात केली की बांधाला पोहोचेपर्यंत मान वर करत नसे. नेहाचे हात दहिवरानं गार पडले होते. वालाचे वेल कापणीनंतर उरलेल्या भातसडात अडकलेले, प्रत्येक झटक्याला कमरेत कळ यायची. तिसऱ्या ओळीला तिच्या डोळ्यांपुढे काळं आलं आणि ती होती तिथंच बसली.

धर्मानं मागं वळून बघितलं. तो बांधाला गेला, तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या. डेचकीत मूठ-मूठ करत हिरव्या शेंगा भरल्या, मीठ टाकलं, वर भांबुर्डीचा पाला कोंबून झाकण ठेवलं. अर्ध्या तासानं त्यानं डेचकी तिच्यापुढे पालथी केली. वाफ आली आणि नेहाच्या तोंडाला एवढं पाणी सुटलं की तिला लाज वाटली.

"खा पोरी."

"नको बाबा. पथ्य हाय."

"मला ठाव हाय काय हाय ते. खा."

तिनं एक शेंग सोलली. दाणा जिभेवर ठेवला. मग दुसरी. मग ती सोलतही नव्हती, शेंग दातात धरून ओढत होती. डेचकीभर शेंगा संपल्या. ती धर्माच्या कळशीतलं पाणी घटाघटा प्यायली, छातीवर सांडेपर्यंत. मग तिला रडू आलं.

"आता हे त्याच्या पोटात जाईल ना हो बाबा?"

धर्मानं विझत्या काटक्या पायानं पसरल्या. "म्हातारीला बोलू नको," एवढंच तो म्हणाला.

दुपारी तिचे स्तन जड झाले. असं पंधरा दिवसांत झालं नव्हतं. त्या संध्याकाळी ती भीत भीत पाजायला बसली. स्वरूप प्यायला, एकदा कण्हला, ढेकर दिली आणि निजला. गुरं आली, दिवा लागला, आदेशची जीप येऊन गेली, तरी तो निजलेलाच. धोंडूबाई दोनदा त्याच्या नाकापुढे बोट धरून गेली.

"गुटीतलं वावडिंग नवं हाय," ती शेवटी म्हणाली. "म्हशाच्या जत्रेतून आणलंय ते. जुन्यात जोर नव्हता राहिला."

गुरुवारी नेहानं परत डेचकीभर वाल खाल्ला. ते पाप आहे असं तिला वाटत होतं आणि तिनं तरी खाल्ला. गुरुवारीही पोर निजलं. शुक्रवारी सकाळी धोंडूबाईनं विहिरीवर चार बायांना वावडिंगाचा किस्सा सांगितला. तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी पडवीत पाच-सहा बाया होत्या. त्यांत कमळाबाई होती आणि तिची सून जया, दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन. जयाचं शेत यांच्या शेताला लागून. तीही सुकलेली, गालांची हाडं वर आलेली. धोंडूबाई तिच्या मुलीला गुटी चाटवत होती.

"काकी, पथ्य फक्त आमालाच हाय काय?" जया अचानक म्हणाली.

"म्हंजे?"

"तुमची नेहा शेतात वाल खाते. डेचकी भरून. आज सकाळी मी डोळ्यांनी बघितली."

चाटवणारं बोट तोंडातच राहिलं. नेहा उंबऱ्यात उभी होती, स्वरूप खांद्यावर. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"खरं काय गो?"

नेहानं होकाराची मान हलवली.

"किती दिस?"

"तीन."

कमळाबाईनं तोंडावर पदर धरला. धोंडूबाई उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, काचेचा पेला पाण्यानं भरून आणला आणि पडवीच्या कडेला, उजेडात ठेवला. ही परीक्षा तिनं आजवर गावात दोनदाच केली होती. चांगलं दूध पाण्यात पडलं की एकजीव होतं. वाताचं दूध खाली जात नाही, वरच तरंगतं.

"ये. पिळ चार थेंब."

"आई, इथं नको..."

"इथंच. बाया तर हायेत सगळ्या."

नेहानं पदराआड वाकून दूध पिळलं. पहिल्यांदा आलं नाही. बाया बघत होत्या. तिनं दातात ओठ धरला, जोरात दाबलं, आणि निळसर चार थेंब पेल्यात पडले. ते खाली गेले नाहीत. पातळ तंतू होऊन पाण्यावर पसरले आणि तसेच फिरत राहिले. जयानं वाकून बघितलं. सगळ्यांनी वाकून बघितलं. नेहानंही बघितलं, आणि तिच्या मनात जी शंका होती ती आता नुसती शंका राहिली नाही.

"आजपासून पाजायचं नाय," धोंडूबाई म्हणाली. "मंगळूकडून शेळीचं दूध आणते. बोंडल्यानं देऊ."

नेहानं स्वरूपला सासूच्या हातात दिलं. धर्मा गोठ्याच्या दारात दावं वळत उभा होता. वाल कुणी उकडून दिला ते सांगायला तो पुढे आला नाही, आणि नेहानंही त्याचं नाव घेतलं नाही.

शनिवार आणि रविवार कसे गेले ते त्या घरातलं कुणी पुढे कधी बोललं नाही. शेळीचं दूध पाणी घालून, वावडिंग टाकून उकळलेलं. स्वरूप बोंडल्याची चोच तोंडात घ्यायचा आणि दूध गालावरून मानेत सांडायचं. पोटात गेलेलं दह्यासारखं फुटून बाहेर यायचं. रडताना त्याचा आवाज बारीक झाला. नेहा आतल्या खोलीत पाठ करून बसायची आणि तो रडला की तिची चोळी आपोआप ओली व्हायची. रविवारी संध्याकाळी तो रडायचाही थांबला. नुसता डोळे उघडे ठेवून पडला.

तेव्हा धोंडूबाई घाबरली. ती खरोखर घाबरली. आपल्या हाताचा गुण गेला, ही काळजी तिला महिनाभर होती. आता पोर जातंय की काय, ही पहिल्यांदा वाटली.

"उद्या दवाखान्यात," आदेश म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, पण आईकडे बघितलंही नाही.

"आधी पंढरी वैद्याकडं जाऊ, मुरबाडला. त्यांनी नेयाला सांगितलं तर तिथून थेट नेऊ."

मुरबाड तालुका म्हणजे तिचं माहेर. पंढरी वैद्यांच्या दुकानातूनच ती वीस वर्षं हिरडा नि मुरडशेंग आणत आली होती. दुसऱ्या कुणाचा शब्द तिनं मानला नसता. आणि खरं सांगायचं तर ते आपलंच म्हणणं खरं करतील, याचीही तिला खात्री होती.

सोमवारी सकाळी सहाच्या जीपमध्ये दाटीनं बसून नेहा, आदेश आणि धोंडूबाई पोराला घेऊन निघाले. सरळगावला गाडी बदलली. मुरबाडच्या बाजारात दुकान नुकतंच उघडत होतं. पुढे पोती, बरण्या, मागे एक खाट. वैद्य सत्तरीचे, कानावर केस, अंगात बंडी. त्यांनी स्वरूपला उताणा ठेवला, पोट चाचपलं, टाळूवर बोट ठेवलं, त्वचेला चिमटा घेऊन सोडला. मग त्यांनी पोराला बाजूला सरकवलं आणि नेहाला पुढे बोलावलं.

"जीभ काढ. नखं दाखव."

"पोर आजारी हाय, वैद्यबाबा," धोंडूबाई म्हणाली.

"पोर बघितलं मी." त्यांनी नेहाची खालची पापणी ओढली. आत पांढरं होतं. "काय खातेस?"

"वाल खाल्ला हिनं," धोंडूबाई म्हणाली. "चोरून. मी दूध पाण्यात टाकून बघितलं. वर तरंगलं."

"तरंगलं ना? म्हणजे दुधात वात आहे. बरोबर ओळखलंत." धोंडूबाईनं आदेशकडे बघितलं. वैद्यांनी मात्र नेहाचं मनगट सोडलं नव्हतं. "आता तू सांग. वाल सोडून रोज काय खातेस?"

नेहानं सांगितलं. भाताची मूद. लसूण-मिऱ्याचं तिखट. दोन तांबे पाणी. सांगायला फार वेळ लागला नाही.

"किती दिवस?"

"बाळंत झाल्यापासून. आधी थोडं जास्त होतं."

"मधे एखादा दिवस पोर शांत निजलं?"

"दोन दिवस. बुधवारी नि गुरवारी."

"त्या दिवशी काय खाल्लं होतंस?"

नेहानं सासूकडे बघितलं. मग जमिनीकडे. "वाल."

"किती?"

"पोटभर."

वैद्यांनी हात सोडला. त्यांनी आवाज चढवला नाही. "धोंडूबाई, वातूळ खाल्लं की वात होतो, हे खरं. पण न खाल्लं तरी होतो, आणि तो जास्त वाईट. उपास, जागरण, काम, काळजी. कोरड्या पोटात वातच राहतो. ही पोरगी दीड महिना उपाशी आहे. तिच्याकडे दूध येणार कुठून? आलं तरी असंच येणार."

"मी पथ्य पाळलं..."

"अंगावर पिणाऱ्या पोराचं औषध आईला द्यायचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. मग आईचं जेवण का तोडलंत?"

"मीबी असंच खाल्लं व्हतं," धोंडूबाई म्हणाली. "आदेशच्या वेळेला. माझ्या सासूनं असंच दिलं."

"आणि आदेश रडायचा?"

आदेश दाराच्या चौकटीला टेकून बाहेर रस्त्याकडे बघत होता.

"रडायचा," ती म्हणाली.

वैद्यांनी कागदावर काही लिहिलं नाही. तोंडी सांगितलं. आत्ताच्या आत्ता पोराला छातीला लाव, दूध येवो न येवो, लावतच राहा. शेळीचं बंद. गुटी बंद. पोटाला कोमट तेल तेवढं. आईला भाकरी, डाळ, गूळ, तीळ, दूध, जिरं-लसूण-हिंग घालून मऊ शिजवलेला वालसुद्धा. तहान लागेल तेवढं पाणी. शेतावर जायचं नाही. आणि इथून निघून आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, माझ्या शब्दावर बसून राहायचं नाही. नेहा त्या खाटेवरच पाठमोरी बसून पाजायला लागली. तिला पाजायला परत सांगितलं गेलं, याचंच तिला हसू आणि रडू एकदम येत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं दिवसभर ठेवून घेतलं, नेहाला जेवायला लावलं आणि संध्याकाळी सोडलं. येताना जीपमध्ये धोंडूबाई मागच्या बाकावर बसली. तिच्या गावची ओळखीची माणसं होती. कुणी विचारलं, "काय काकी, मुरबाडला?" ती म्हणाली, "व्हय, पाव्हण्यांकडं." वैद्यांच्या दुकानात काय घडलं ते गावाला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. आदेश बोलणारा नव्हता, धर्मा तर नव्हताच, आणि नेहाला बोलायची सवय कुणी लावली नव्हती.

आठ दिवस धोंडूबाई पहाटे उठून नेहासाठी वेगळी चूल पेटवायची. पहिल्या दिवशी नेहाला दोन भाकरी जाईनात. तिसऱ्या दिवशी तिनं तिसरी मागितली, आणि मागितल्यावर दचकून सासूकडे बघितलं. धोंडूबाईनं भाकरी वाढली आणि लाकडं आणायच्या निमित्तानं ती परसात गेली. तिथं ती बराच वेळ उभी होती. सून भाकरी मागायला घाबरते, हे तिनं इतके दिवस बघितलं होतं, पण त्याला ती पथ्य म्हणत होती.

स्वरूप संध्याकाळचा अजूनही थोडा रडायचा. पण ते रडणं अर्ध्या तासाचं होतं, नि त्याला पाय झाडायची ताकद होती.

ठरल्या मंगळवारी दिपिका काटा घेऊन आली तेव्हा पडवीत बाया जमल्याच होत्या. धोंडूबाईनं नातवाचं दूध तोडलं हे सगळ्यांना माहीत होतं, आता पुढे काय झालं ते बघायचं होतं. कमळाबाई पुढे, तिच्यामागे जया. दिपिकानं झोळी टांगली. काटा थांबायची सगळ्यांनी वाट बघितली.

"तीन सातशे," दिपिका म्हणाली. तिनं परत बघितलं. "तीनशे वाढलं. पंधरा दिवसांत."

"बघा!" कमळाबाई म्हणाली. "हात कुणाचा हाय? मी बोलले व्हते, धोंडूबाई वाताला सोडत नाय म्हणून."

"वालावाली बाई तेवढी ताळ्यावर आली," कुणीतरी मागून म्हणालं, आणि दोघी-तिघी हसल्या.

नेहा झोळीतून पोराला उचलत होती. तिनं वर बघितलं नाही. तिला सवय झाली होती. धोंडूबाईनं ते बघितलं. तिला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती तर गावात तिचा शब्द होता तसाच राहिला असता, आणि कुणी तिला विचारलंही नसतं.

"माझा हात नाय," ती म्हणाली. "वैद्यांकडं गेलते मी, मुरबाडला. हिचं दूध वाईट नव्हतं. हिच्या पोटात अन्न नव्हतं. मी हिला उपाशी ठेवली. आठ दिस भाकरी, डाळ, वाल, सगळं खाल्लं हिनं, म्हणून पोर वाढलं."

दिपिकाची पेन्सिल वहीवर तशीच राहिली.

"मग आमाला सांगितलं ते?" एक म्हातारी म्हणाली.

"चुकीचं सांगितलं. जे मला सांगितलं, तेच मी सांगितलं."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यातल्या प्रत्येकीनं ते तीन-चार महिने काढले होते, कुणी दोनदा, कुणी चारदा. कमळाबाईनं तर पाच बाळंतपणं तशीच काढली होती आणि त्यातलं एक मूल चौथ्या महिन्यात गेलं होतं. ते वातानं गेलं असं सगळे म्हणत. ती आता धोंडूबाईकडे बघत नव्हती, समोरच्या रिकाम्या झोळीकडे बघत होती.

मागून जया पुढे सरकली. मुलीला मांडीवर घेऊन ती धोंडूबाईच्या अगदी समोर बसली. तिचा आवाज एवढा हळू होता की मागच्यांना ऐकू गेला नाही.

"मग मी जेवू, काकी?"

धोंडूबाईनं जयाच्या दंडाला हात लावला. बोटांत नुसतं हाड आलं.

"कमळे," ती म्हणाली, "हिला घरी ने आणि जेवाय वाढ. आत्ता."

कमळाबाई उठली. जयाला मात्र उठता येईना. ती मुलीला छातीशी घट्ट धरून तिथंच रडत बसली.